गोदाचं दुसरं फुफ्फुस

प्रयोगशाळेच्या काचपडद्यावर दहा वर्षांच्या गोदा सोळंकेचं फुफ्फुस संथपणे फुगत होतं, मिटत होतं. उजवीकडचा खालचा भाग मात्र करडा पडून निपचित होता.

"उद्या सकाळी नऊला शस्त्रक्रिया," डॉ. चिन्मय गोगटे म्हणाले. "हा भाग काढावाच लागेल. प्रतिफुफ्फुस चुकत नाही."

प्रतिफुफ्फुस ही त्यांचीच निर्मिती. श्वासनलिका सैल पडून कफ साचण्याचा आजार जन्मभर सोबत करतो. अशा मुलांना सारखं दवाखान्यात आणायला नको, म्हणून एकदाच छायाचित्रण करून संगणकात फुफ्फुसाची हुबेहूब प्रतिकृती रचायची. मग मनगटावरचा हालमापक मुलाची हालचाल कळवत राही आणि प्रतिकृती तेच आयुष्य जगे. मूल पळालं की तीही खोल श्वास घेई, कफ सुटे. मूल बसून राहिलं की तिच्यातही कफ घट्ट होई.

छातीच्या डॉक्टर हिना तांबोळी हातातला कागद पुन्हा पुन्हा वाचत होत्या. "मग हे काय? भूल देण्याआधीची तपासणी म्हणून आत्ता तिला फुंकमापकात फुंकायला लावलं. निरोगी मुलीसारखी फुंकर आहे."

"मापक बिघडला असेल."

"हा तिसरा मापक आहे, गोगटे."

त्यांनी गोदाच्या वडिलांना आत बोलावलं. निवृत्तीबुवा सोळंके मृदंग वाजवत. गोदा त्यांचं बोट धरून आली.

"बुवा, अर्जात तुम्ही लिहिलंय, खेळ नाही, व्यायाम नाही. ही संध्याकाळी करते काय?"

"काही नाही मॅडम. कीर्तनाला येते माझ्यासंगं."

"बसते?"

"बसते कुठली! टाळकऱ्यांत उभी असते. दोन तास पावली टाकते. अभंग रंगला की उड्या मारते, वर तोंड करून गाते. मधेच खोकत बाहेर जाते, थुंकून येते, की परत सुरू."

"अहो, मग हे लिहायचं ना!"

"सेवा आहे ती देवाची. खेळ म्हणून कशी लिहू?"

गोगटे पुढे झाले. "लिहिलं नाही तरी हालमापकाला कळायला हवं होतं."

निवृत्तीबुवांनी गोदाच्या मनगटाकडे पाहिलं. हालमापकाचा पट्टा चांगल्या कमावलेल्या चामड्याचा होता. "चामडं देवापुढं कसं न्यावं, साहेब? चपलांजवळच्या खुंटीला अडकवून जातो आम्ही. दोन वर्षं झाली."

गोगट्यांनी त्या पट्ट्याला हात लावून पाहिला. "हलला नाही म्हणजे मूल बसलंय, असं मीच त्याला शिकवलं होतं."

"म्हणजे तुमचं यंत्र दोन वर्षं चपला राखत बसलं," डॉ. तांबोळी म्हणाल्या.

तासाभरात नवं छायाचित्रण आलं. गोदाच्या खऱ्या फुफ्फुसात तो करडा भाग नव्हताच. आजार होता, पण कफ सुटत होता. शस्त्रक्रिया रद्द झाली. "पांडुरंगा!" एवढंच म्हणून निवृत्तीबुवांनी उपरण्यात तोंड लपवलं.

गोगटे पडद्याकडे वळले. "ही चुकीची प्रतिकृती पुसून टाकतो."

"थांबा!" डॉ. तांबोळी म्हणाल्या. "ती चुकीची कुठंय? तेच फुफ्फुस, तीच औषधं. एक कीर्तनात नाचलं, दुसरं खुंटीला बसलं. हालचालीनं काय होतं, हे याहून स्वच्छ कोण दाखवणार?"

गोदा करड्या भागाकडे टक लावून बघत होती. "दोन वर्षं बसून होती बिचारी? मग तिला पण आता नाचवा ना."

गोगट्यांनी त्या आजारी प्रतिकृतीला पुढच्या तीन महिन्यांची रोज दोन तासांची पावली भरवली. पडद्यावर दिवस भराभर उलटू लागले. करडा रंग कडेनं फिकट होत गेला. पुरता गेला नाही, पण निपचित भाग श्वास घेऊ लागला.

डॉ. तांबोळींनी टेबलावरची यादी ओढली. गोदासारखाच करडा भाग असलेली अकरा मुलं याच शस्त्रक्रियेसाठी थांबली होती. ती खरोखरच बसून असलेली मुलं होती. त्यांनी प्रत्येक नावापुढची तारीख खोडून तीन महिने पुढची घातली.

"बुवा," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे टाळांचे जोड किती आहेत?"

"सात असतील. का हो?"

"अजून चार लागतील. आणि गोगटे, हालमापकाला सुती पट्टे शिवून घ्या."