व्हिडिओचं शेपूट

"सगळ्यात मोठं टरबूज माझं!" असं ओरडत पवननं दरडीवरून नदीच्या वाळूत उडी मारली आणि धूम ठोकली.

"तुझं कायचं? आधी वाजवून पाय, मग बोल!" संस्कृती चप्पल हातात घेऊन त्याच्या मागे धावली. वाळू पायाला चटके देत होती, पण डांगरवाडी समोर दिसत असताना चटक्यांची पर्वा कोण करतो!

उन्हाळ्यात टेंभुरखेडची नदी आटते आणि तिच्या कोरड्या पात्रात मेहबूबचाचांची टरबुजं पिकतात. तीच ही डांगरवाडी. संस्कृती वाशीमला शिकत होती, पण सुट्टी लागली रे लागली की आजोबांच्या, म्हणजे आबांच्या गावी येणार आणि पहिल्याच दिवशी चुलतभाऊ पवनला घेऊन इथं धावणार, हे ठरलेलं. चाचांचा एक नियम होता. टरबूज आधी बोटानं वाजवायचं, कान लावायचा आणि आत लाल की पांढरं ते सांगायचं. बरोबर सांगेल त्याला मधला गोड गाभा!

पण आज चाचा मांडवाखालून उठलेच नाहीत. सुरी वाळूत रोवलेली. शेजारी टरबुजांचा ढीग, हिरव्या पाठीची जनावरं दाटीवाटीनं बसावीत तसा.

"चाचा, कापा ना एक!" पवन म्हणाला.

"घरच्याईले विचारून आले का, बेटा?" चाचा हळूच म्हणाले. "विचारून या. मंग कापतो."

असं ते कधीच बोलले नव्हते! संस्कृतीनं दुआकडे पाहिलं. दुआ म्हणजे चाचांची मुलगी, संस्कृतीची सुट्टीतली सगळ्यात जवळची मैत्रीण. तिचे डोळे सुजले होते.

"कालच्या बाजारातून गाडी भरलेलीच वापस आली," दुआ म्हणाली. "एकानंबी घेतलं नाई. अब्बा म्हणतात, उद्याच्या शिरपूरच्या बाजारात बी असंच झालं, तर वेल उपटून टाकतो. पुढच्या साली वाडीच नाई लावायची."

"काहून पन?"

पवननं खिशातून मोबाइल काढला. नववीत गेल्यापासून तो त्याच्याकडेच असायचा आणि साऱ्या गावाचे मोबाइल आपणच दुरुस्त करतो, असा त्याचा थाट होता.

"हा पाय. सगळ्या गावात फिरून राह्यला."

व्हिडिओत एक माणूस पाठमोरा बसला होता. डोक्याला चौकटीचा रुमाल. समोर टरबुजं. त्यानं इंजेक्शनची सिरिंज घेतली, लाल पाण्यात बुडवली आणि टरबुजात खुपसली! खाली लिहिलं होतं, 'आपल्याच नदीतल्या वाडीत हे होऊन राह्यलं. लेकरायले वाचवा!'

संस्कृतीनं व्हिडिओ पुन्हा पाहिला. चौकटीचा रुमाल तर चाचाही बांधतात! पण तसा रुमाल आबाही बांधतात, कोतवालही बांधतो. वैशाखात वऱ्हाडात कोणाचं डोकं उघडं असतं?

"पाणी पिऊन येते," म्हणत ती झोपडीत शिरली. माठाजवळ वाकली आणि तिथंच थिजली.

माठामागे एक सिरिंज ठेवलेली होती.

ती पाणी प्यायलीच नाही. "उशीर झाला, जाते," एवढंच पुटपुटली आणि निघाली. मागून दुआनं हाक मारली, तरी तिनं वळून पाहिलं नाही.

दुपारभर ती निंबाखालच्या ओट्यावर बसून राहिली. डोक्यात नुसता गुंता. चाचा असं करतील? छे! पण सिरिंज? डोळ्यांनी पाहिली की! मग डोळे खरे, की इतक्या उन्हाळ्यांतली चाचांची माया खरी? निंबाची फुलं अंगावर पडत होती आणि तिला ती झटकायचंही सुचत नव्हतं.

"सकाळपासून तू माह्याशी बोलून नाई राह्यली!"

समोर दुआ उभी होती. कडेवर बकरीचं इवलंसं पिल्लू, पांढरं, कानावर काळा ठिपका. ती ओट्यावर बसली, वाटीतलं दूध सिरिंजमध्ये ओढलं आणि पिल्लाच्या तोंडात हळूहळू सोडू लागली. सिरिंजला सुई नव्हतीच! पिल्लू चुटूचुटू दूध पीत शेपटी हलवत होतं.

"याची माय मेली," दुआ म्हणाली. "बाटलीचं रबरी बूच याच्या तोंडात मावत नाई. मंग अब्बानं डाक्टरकडून ही मागून आनली."

संस्कृतीचा चेहरा लालेलाल झाला. तिनं पिल्लाला मांडीवर घेतलं. पिल्लानं तिचं बोटच चोखायला सुरुवात केली.

"दुआ, मी ही सिरिंज सकाळी पाह्यली होती. झोपडीत. अन् मले वाटलं..."

दुआचे हात थांबले. "तुलेबी वाटलं?"

"हो," संस्कृती म्हणाली. आवाज तिच्याच कानांना परका वाटला. "सिरिंज पाह्यली, पन पिल्लू पाह्यलं नाई ना!"

दुआनं पिल्लाच्या तोंडाला लागलेलं दूध पुसलं. मग म्हणाली, "मंग आता पाह्यलं ना? धर वाटी."

वाटी धरता धरता संस्कृती एकदम ताठ बसली. "दुआ! त्या व्हिडिओचंबी असंच असन तर? आपन सिरिंज पाहून राह्यलो अन् पिल्लू दिसूनच नाई राह्यलं!"

"व्हिडिओत कुठचं पिल्लू?"

"अगं, म्हंजे पुढचं काहीतरी! हा व्हिडिओ कोनं काढला, कुठं काढला, मागे काय, पुढे काय? चल, ज्यानं ज्यानं पाठवला त्याच्या घरी जाऊ. उलटं उलटं चालत जाऊ, थेट मुळापर्यंत!"

पवनला सोबत घेतलं. पिल्लूही आलंच, त्याला ठेवणार कुठं?

पहिलं घर नानीबाईचं. गावातली प्रत्येक बातमी तिच्या ओसरीवर पाणी पिऊनच पुढे जायची. "मेहबूबच्या वाडीतलंच हाय थे, मी सांगतो ना!" ती ठसक्यात म्हणाली.

"तुमी पाह्यलं का, नानी?"

"मी कायले उन्हात जातो वाडीत? मले लखीराम कोतवालानं पाठवला."

लखीरामकाका खाटेवर पडून मोबाइलच बघत होते. "मी मेहबूबचं नाव नाई घेतलं, बाप्पा! मी एवढंच लिहिलं, का आपल्याच नदीतल्या वाडीत हे होऊन राह्यलं."

"आपल्या नदीत दुसरी वाडी हायच कुठं, काका!" दुआ म्हणाली.

काकांनी डोकं खाजवलं. "थे बी खरं हाय. पन मले तर जगदेवभाऊनं पाठवला. एवढा मानाचा मानूस खोटं कायले पाठवन?"

जगदेव! मुलं एकमेकांकडे बघतच राहिली. जगदेव म्हणजे संस्कृतीचे स्वतःचे आबा!

आबा अंगणात बाज विणत होते. "मी तर फक्त लिहिलं, का असं आपल्या इकडंबी होऊ शकते, जपून खा. लोकायच्या भल्यासाठीच लिहिलं, पोरी."

"होऊ शकते, मंग होऊन राह्यलं, मंग मेहबूबच्याच वाडीत!" संस्कृतीनं एकेक बोट दुमडत मोजलं. "आबा, तुमाले कोनं पाठवला?"

आबांनी शांतपणे पवनकडे बोट केलं.

"मी?" पवन किंचाळला. "मी नाई! म्हंजे... आबा म्हनले, उदयसिंगकाकाच्या स्टेटसवर दिसून राह्यला थो मले काढून दे. माह्याजवळ स्टेटस काढायचं अॅप हाय, मंग मी काढून देल्ला."

"वा रे वा! गावाचा मोबाइल डाक्टर!" दुआ म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. पवनचे कान मात्र लाल झाले. त्यानं आबांकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "चला उदयसिंगकाकाकडे. बोलतो मीच."

उदयसिंगकाकांचं फाट्यावर रिचार्जचं दुकान होतं आणि मोबाइलवर स्वतःचं 'गावची ताजी खबर' नावाचं पान. खबर तपासायला वेळ लागतो आणि मग ती ताजी राहत नाही, असं त्यांचं मत!

"काका," पवन मधाळ आवाजात म्हणाला, "थो टरबुजाचा व्हिडिओ म्हने तुमच्याच मोबाइलात सगळ्यात साफ दिसते. आमच्यात तर सगळं धुरकट!"

"दिसनच! ओरिजनल मालच आपल्याजवळ असते!" काका फुलले. त्यांनी व्हिडिओ लावला. रुमालवाला माणूस, टरबुजं, लाल पाणी, सिरिंज टरबुजात... "हा बस, झालं," म्हणत काकांनी तो बंद करायला बोट पुढे केलं.

"राहू द्या ना, काका!" संस्कृतीनं हात जोडले. "चालू राहू द्या!"

"पुढे काय राहते? मी बी पुढे पाह्यलं नाई."

व्हिडिओ मात्र पुढे चालला होता. पाठमोरा माणूस वळला. डोक्याचा रुमाल काढला. अरे, हा तर भलताच कोणी, दाढीमिशी नसलेला पोरगा! तो खो खो हसला आणि त्यानं हिंदीत सांगितलं, "डर गए? ये तो हमने नाटक किया था! लोग बिना देखे कैसे मान लेते हैं, यही दिखाना था!" खाली त्यांच्या नाटकमंडळीचं नाव होतं आणि मध्य प्रदेशातलं कुठलंसं शहर.

दुआच्या कडेवरचं पिल्लू "म्यां!" म्हणालं.

"पन... पन स्टेटसमधे हे काहून नाई दिसलं?" दुआनं विचारलं.

पवननं कपाळावर हात मारला. "स्टेटसमधे लांब व्हिडिओ मावत नाई! मोबाइल शेवटचा तुकडा कापून टाकते! काकायनं लावला तवाच शेपूट तुटलं अन् मी बिनशेपटाचाच काढला!"

उदयसिंगकाका मोबाइलकडे असे पाहू लागले, जणू त्यानंच त्यांना फसवलं होतं. "मी आताच पूर्ण व्हिडिओ टाकतो सगळीकडे," ते पुटपुटले.

"स्टेटसवर?" तिघं एकदम ओरडली. "परत कापला जाईन!"

पवननं पूर्ण व्हिडिओ आपल्या मोबाइलात घेतला. पण आता करायचं काय? उद्या सकाळी बाजार. ग्रुपवर टाकावं, तर एवढा लांब व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणार कोण? संस्कृतीला लखीरामकाकांच्या घरातली, खुंटीला टांगलेली हलगी आठवली.

"दवंडी!" ती म्हणाली.

लखीरामकाका तयार झाले, पण हलगी शेकता शेकता त्यांनी सवयीनं विचारलं, "कोनाच्या नावानं देऊ? बिनानावाची दवंडी आजवर देल्ली नाई आपन. सांगनाऱ्याचं नाव पह्यले, खबर मंग."

"अन् व्हिडिओ, काका? थो कोनाच्या नावानं पाठवला होता?" संस्कृतीनं विचारलं.

लखीरामकाकांचा हात हलगीवरच थबकला. "मोबाइलले कुठं हलगी लागते, पोरी..." ते म्हणाले आणि मान खाली घातली.

नाव कोणाचं घालायचं? पोरांच्या नावानं गाव ऐकेल? उदयसिंगकाका तर दुकानातून बाहेर यायला तयार नव्हते. संस्कृती घरी आली. आबा अजून बाजेजवळच होते. तिनं सगळं सांगितलं, पवनच्या मोबाइलवर व्हिडिओचं शेपूटही दाखवलं. तिच्या मनात धाकधूक. आबांचं नाव अख्ख्या गावात मानाचं. ते असं चारचौघांत...

आबांनी सुंभाचा गुंडाळा खाली ठेवला. रुमाल झटकून डोक्याला बांधला, तोच चौकटीचा.

"माह्या नावानं दे म्हना," ते म्हणाले. "अन् मी बी येतो संगं."

सूर्य कलताना हलगी कडाडली. लखीरामकाकांचा खडा आवाज गल्लीबोळांतून फिरला:

"ऐका हो ऐका, जगदेवभाऊच्या नावानं ऐका!
शेपूट तुटलं, खोटं सुटलं,
पोट्ट्यायनं थे धरून आनलं!
वाडीचा माल हाय साफ,
अर्धं पाहून झाला ताप!"

प्रत्येक चौकात आबा स्वतः पुढे होत आणि म्हणत, "मी पूर्ण पाह्यला नाई अन् पुढे पाठवला. चूक माझी हाय. मेहबूबची नाई." मग पवन मोबाइल उंच धरून शेवटचा तुकडा दाखवी आणि दुआ पिल्लाला सिरिंजनं दूध पाजून दाखवी. पिल्लाला एवढं दूध आयुष्यात कधी मिळालं नसेल!

शेवटच्या चौकात, उद्याच्या बाजारासाठी भरलेल्या गाडीजवळ मेहबूबचाचा उभे होते. आबा त्यांच्यापुढे गेले आणि म्हणाले, "मेहबूब, एक टरबूज काप. मले सगळ्यायसमोर खायचं हाय."

चाचांनी टरबूज उचललं, पण सुरी लावली नाही. ते संस्कृतीपुढे धरलं. "नियम म्हंजे नियम, बेटी. वाजव."

तिनं वाजवलं, कान लावला. आत कुठंतरी खोल, दाट आवाज आला. "लाल!"

लालच निघालं! नानीबाईनं सगळ्यांत आधी हात पुढे केला, फोड तोंडात घातली आणि रस हनुवटीवरून गळत असतानाच जाहीर केलं, "उद्याच्या बाजारात जातो मी मेहबूबच्या गाडीसंगं. पाहू कोन नाई घेत थे!"

"पोट्टेहो, शाबास!" लखीरामकाका म्हणाले. "आमी म्हातारे झालो, पन पाहाले तुमीच शिकवलं."

मेहबूबचाचांनी मधला गोड गाभा काढून संस्कृतीच्या हातावर ठेवला. तिनं तो मधोमध मोडला आणि अर्धा दुआला दिला.

तेवढ्यात नानीबाईचा मोबाइल वाजला. तिनं चिकट बोटांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि पुढे पाठवायला अंगठा उचलला. मग थांबली.

"ए पवन," ती म्हणाली, "इकडं ये बरं. याचं शेपूट हाय का, पाय."