पाच दातांचे तीन हजार

सरकारी दवाखान्याच्या दंतविभागात शिरल्या शिरल्या त्या मुलीनं फीच्या खिडकीवर पितळी बिल्ला आपटला. नंबर सतरा.

"बाबांच्या खिशात सापडला! तीन हजार मागून हाकललंत ना त्यांना मंगळवारी? आता वरच्या मजल्यावर नळीनं श्वास घेतायत ते!"

बाबा म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी. किडक्या दातांचा पू गळ्यापर्यंत उतरला होता.

खिडकीतली कारकून बाई पांढरीफटक पडली. "अगं, मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही!"

फीबद्दल तीन तक्रारी आल्या म्हणून तपासनीस बाई नेमक्या त्याच दिवशी आल्या होत्या. तोंडानं तिखट, पण ऐकून घेणाऱ्या.

"दात काढायची फी किती?"

"सहाशे. एक काढा नाहीतर दहा. एका उपचाराला एकच फी. पण तो नियम फायलीत, लोकांना कुठला माहीत असायला!"

"पैसे कसे घेता?"

"दारात मिळालेला बिल्ला आधी काढून घेते, मगच रक्कम सांगते. हा सतरा नंबर मंगळवारपासून शोधतेय मी."

तेवढ्यात दंतवैद्य हात पुसत बाहेर आला. "पैशाचं सगळं खिडकीवर. मी फक्त तोंडं तपासतो. हिचीच चौकशी करा."

तपासनीस बाईंनी त्याची वही ओढली. महिन्यात अकरा रुग्ण उपचाराशिवाय परत गेलेले. कुणाचे चार दात, कुणाचे सहा, शिंप्यांचे पाच. एका दाताचा मात्र एकही परत गेलेला नाही.

"तुम्हाला मोबदला कसा मिळतो, डॉक्टर?"

"रुग्णामागे ठरलेला."

"एक दात काढला तरी तेवढाच आणि पाच काढले तरी तेवढाच?"

"हो ना! अन्यायच आहे."

"मग ऐका. पैसे खाणारा माणूस गिऱ्हाईक हाकलत नाही, धरून ठेवतो. शिवाय खिडकीवर रक्कम कळायच्या आधी बिल्ला जातो. शिंप्यांचा खिशातच राहिला, म्हणजे ते खिडकीपर्यंत पोचलेच नाहीत. तीन हजारांचा आकडा त्यांना तुमच्या खोलीत कळला. पाच दातांच्या वेळात एकेका दाताचे तीन-चार रुग्ण उरकतात. ज्यांच्यात वेळ जाणार, त्यांना तुम्ही दातागणिक फी सांगून पळवून लावलंत."

दंतवैद्याची मान खाली गेली. "बाहेर रोज चाळीस माणसं बसलेली असतात," तो पुटपुटला. "मी काय यंत्र आहे?"

"नाही ना? मग माणसासारखं वागायचं होतं! आजपासून त्या खुर्चीला हात लावायचा नाही."

मुलीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं तपासनीस बाईंचा हात घट्ट धरला.

"सहाशेत पाचही निघाले असते?"

"हो गं बाळ."

तिनं खिडकीवरचा बिल्ला उचलून मुठीत धरला.

"सहाशे तर घरात होते हो. मीच म्हटलं, बाबा, माझा पगार होईपर्यंत कळ काढा. चार दिवस एकदाही कण्हले नाहीत ते."