रोहिणीबोधकाचा धडा

सांगलीच्या रुग्णालयातल्या आरोग्यशिक्षण प्रयोगशाळेत, पडद्यावर हौसाबाई खिलारेंच्या उजव्या पायाचं प्रतिरूप दिसत होतं. घोट्याखालच्या रोहिण्या, म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्या, काळ्या पडत चालल्या होत्या. शस्त्रवैद्य तासगावकर घड्याळाकडे बघत होते.

"दुपारपर्यंत रक्त वाहतं झालं नाही, तर पाऊल काढावं लागेल," ते म्हणाले. "आणि तुमच्या यंत्राने मौनव्रत धरलंय, खोत मॅडम."

खोटं नव्हतं. अशा रुग्णांना शिकवण्यासाठी शाल्मली खोतने घडवलेला रोहिणीबोधक आठवडाभर हौसाबाईंशी चकार शब्द बोलला नव्हता. शाल्मलीला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता.

"तो शिकवतो तरी कसा?"

"सर, पेशंट 'समजलं' म्हणतात आणि करायचं तेच करतात. म्हणून बोधक उत्तरं तपासत नाही, पाय तपासतो. पायात प्रवाहमोजा, म्हणजे रक्ताचा प्रवाह मोजणारा पायमोजा, असतो. धड्यानंतर रक्त वाढलं नाही, तर तो धडा बदलतो. तरीही जमलं नाही, तर विद्यार्थी बदलतो."

"विद्यार्थी?"

"एका आजोबांपुढे हात टेकल्यावर त्याने त्यांच्या सुनेला मीठ कमी घालायला शिकवलं. नियम एकच. ज्याच्या वागण्याने या पायातलं रक्त वाढेल, तो विद्यार्थी."

"पण हौसाबाईंना कुणीच नाही. मग हा पठ्ठ्या शिकवतोय कुणाला?"

तेवढ्यात शाल्मलीचा फोन वाजला. तिने निरोप न बघताच पुसायला अंगठा उचलला.

"कुणाचा आहे?"

"बोधकाचाच. चाचणीचे निरोप असतात, दिवसभर येतात."

"वाचा तरी!"

तिने वाचला. 'विद्यार्थी: शाल्मली खोत. धडा पुन्हा देत आहे. तंबाखू खाता का, विडी ओढता का, या तुमच्या प्रश्नांना रुग्ण नाही म्हणते, आणि खरं बोलते. तरी रोज सकाळी आणि जेवणानंतर तिच्या रोहिण्या आकसतात. प्रश्न बदला.'

शाल्मलीने निरोप पुन्हा वाचला. बोधक मुका झालाच नव्हता. तो तिलाच शिकवत होता आणि ती त्याला झटकत होती. मास्तरीणच ढ निघाली होती.

दोघं धावतच वॉर्डात गेले.

"मावशी, सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?"

"काय करनार? मशेरी लावती," हौसाबाई म्हणाल्या.

"आणि जेवल्यावर?"

"लावती की. त्याबिगर दात शिवशिवत्यात."

तासगावकरांनी कपाळावर हात मारला. "अहो, मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच! तिनेच शिरा आवळतात."

"आसंल. पर म्या कवा खाल्ली? थुकून टाकती. तुमी खाता का इचारलं, वढता का इचारलं. लावता का, ते कुनी इचारलंच न्हाय."

तासगावकरांनी फोन करून शस्त्रक्रिया उद्यावर ढकलली. "शब्द देत नाही," ते शाल्मलीला म्हणाले, "पण आवळलेल्या शिरा सुटल्या तर पाऊल वाचेल."

हौसाबाईंनी उशाखालची मशेरीची डबी काढून शाल्मलीच्या हातात दिली.

"पाऊल गेलं आसतं," त्या म्हणाल्या, "तर तुमी म्हनला आसता, बाई ऐकत न्हाय."