बंद न पडलेली गाडी

गाडी चालवणाऱ्या बाईला वाट द्यायची म्हटली की पुरुषांच्या जिवावर येतं. पण तीच बाई गाडी ढकलताना दिसू दे, कुठून कुठून धावत येतात! कोमाउरासारख्या बंदराच्या गावातसुद्धा हेच. एरवी तिथली माणसं दुसऱ्याच्या दारावरून जाताना पावलांचा आवाज करत नाहीत.

त्या दिवशी उजाडत होतं आणि थंडी अशी, की बोटं पत्र्याला चिकटावीत. चिहारु आपली लाल गाडी गल्लीतून खाली ढकलत होती. दोनच माणसांची गाडी, पोट जमिनीला टेकलेलं, दिसायला नटवी. दार उघडं, एक हात स्टिअरिंगवर, खांदा चौकटीला लावलेला आणि केस तोंडात. गल्ली उताराची खरी, पण देवळाच्या कमानीपाशी जरा सपाट लागते. तिथे गाडी जी रुतून बसली, ती हलेना.

"थांबा, थांबा! मी लावतो हात!"

खालच्या बाजूनं एक उंच माणूस धावत आला. पायात रबरी बूट, डोक्याला पांढरी पट्टी आणि अंगाला तळणीचा असा खमंग वास, की चिहारुच्या रिकाम्या पोटानं ऐकू जाईलसा आवाज केला.

"बंद पडली?"

चिहारुला म्हणायचं होतं, नाही हो, धडधाकट आहे, तुम्ही आपल्या वाटेनं जा. पण दम लागलेला. आणि खरं कारण सांगावं तर त्याहून लाजिरवाणं.

"हं…" एवढंच तोंडून निघालं.

झालं! बाईच्या अर्ध्या हुंकारावर पुरुष संसार मांडून बसतात. ह्यानं बिचाऱ्यानं नुसती गाडी ढकलली. तिला आत बसवलं, मागून जोर लावला आणि थेट बंदराच्या भिंतीपर्यंत गाडी नेली. तिथे चिहारुनं किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. ती काय, नेहमीच तशी होत होती.

"लागली! लागली!" घरात बाळ जन्मल्यासारखा तो नाचला. मग भिंतीजवळच्या यंत्रात नाणी टाकून गरम कॉफीचे दोन डबे काढले आणि एक खिडकीतून तिच्या पुढे धरला. "मी तेप्पेई. इथल्या माशाच्या वड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. उद्याही नाही लागली तर… ह्याच वेळेला घरी जातो मी."

चिहारुनं डबा घेतला. बोटाला बोट लागलं. त्याचं बोट तळणीतून काढल्यासारखं गरम होतं.

"उद्या… लागेल बहुतेक," ती म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी कमानीपाशी गाडी आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ थांबवून ठेवली तिनं. आता त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

खरं कारण होतं ते असं. गाडी जुनी घेतलेली. दुकानदारानं दिलेली वॉरंटी शरद ऋतू सरता सरता संपली. वाढवून घ्या म्हणून तो दोनदा वाकला, पण चिहारु पडली मानी. "माझ्या गाडीचं मी बघीन," म्हणाली. तोंडातून शब्द गेला आणि त्या रात्रीपासून झोप गेली. वॉरंटी होती तोवर बाईनं बॉनेट उघडून पाहिलं नव्हतं. संपली तशी गाडीत कुठे टिक् झालं की हिच्या काळजात ठक् व्हायचं. इंजिन गेलं तर नवं बसवायला गाडीच्या किमतीहून जास्त. नाकापेक्षा मोती जड! संत्र्याच्या गोदामात दिवसभर फळं निवडणाऱ्या मुलीनं ते आणायचं कुठून?

मग ती जपायला शिकली. ऑइल सांगितलंय त्याच्या कितीतरी आधी बदलायचं. ते किती उरलंय ते गाडी गार असतानाच बघायचं. खिंड चढून आल्यावर लगेच बंद करायची नाही, जरा धापा टाकू द्यायच्या. आणि सकाळी गारठलेल्या इंजिनाला कामाला जुंपायचं नाही. सुरू करून उभी ठेवायची, आणि तापमानाची सुई वर सरकल्याशिवाय पाय जोरात दाबायचा नाही.

आईचा फोन यायचा. "एवढं नवऱ्याला जपलं असतंस तर…"

"नवरा आहे कुठे, आई?"

"तेच तर म्हणतेय मी!"

तर रोज पहाटे दारात ही लाल बया गुरगुरत उभी. कोमाउरात कोणी येऊन भांडत नाही. एके दिवशी वाडीच्या प्रमुख ओरिए आजी आल्या, पिशवीभर संत्री घेऊन. संत्र्याच्या गोदामातल्या मुलीला संत्री!

"गाडीची तब्येत छान आहे हो तुझ्या," आजी गोड हसून म्हणाल्या. "किती लवकर उठते! आवाज तर असा खणखणीत, वरच्या घरापर्यंत पोचतो. रात्रपाळीची माणसंसुद्धा कौतुक करतात."

ह्याचा अर्थ कळायला शाळा शिकावी लागत नाही. चिहारु कमरेत वाकली, पुन्हा वाकली, आजी वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत वाकतच राहिली. तक्रार कुणाची, हे विचारायची तिकडे रीत नाही आणि सांगायचीही नाही. दुसऱ्या दिवसापासून अर्धा तास आधी उठून, इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत खाली बंदरावर न्यायची आणि तिथे समुद्राला काय गुरगुर ऐकवायची ती ऐकवायची, असं तिनं ठरवलं. पहिल्याच सकाळी हा भेटला.

रोजचंच होऊन बसलं. तो ढकलायचा, ती किल्ली फिरवायची आणि सुई वर येईपर्यंत दोघं कॉफी प्यायची. तो बॉनेटवर हात शेकायचा. कधी कागदात बांधलेल्या गरम वड्या आणायचा.

"ही कडेची जळलेली का दिलीत मला?" चिहारु विचारायची.

"चांगल्या गिऱ्हाइकाला जातात."

"आणि मी कोण?"

"तुम्ही… बंद पडलेलं गिऱ्हाईक."

ती हसायची आणि हसताना तोंडावर हात घ्यायला विसरायची.

एका सकाळी पाऊस भुरभुरत होता. तेप्पेई खिडकीशी वाकून उभा, पापण्यांवर पाण्याचे थेंब. इंजिनाला कान देऊन तो म्हणाला, "काय गोड आवाज आहे हो तुमच्या गाडीचा! मांजर मांडीवर बसल्यासारखा. नाहीतर आमच्या गल्लीतला तो भोंगा!"

"भोंगा?" चिहारुचा घोट अडकला.

"होता एक. मी रात्रभर वड्या तळून अंथरुणाला पाठ टेकतोय, तोच हा सुरू! घर्रर्र… घर्रर्र… म्हशीला पडसं झाल्यासारखा. शेवटी ओरिए आजींच्या कानावर घातलं. तेव्हापासून गप्प आहे."

म्हणजे तक्रार करणारा तो हाच! चिहारुची कानशिलं तापली. म्हशीला पडसं?

"कोण असेल हो?" तिनं मधाच्या स्वरात विचारलं.

"असेल एखादा मिशीवाला. पोट सुटलेला. बायको सोडून गेलेली."

"बिचारा."

"बिचारा कसला! ज्याला शेजाऱ्याच्या झोपेची पर्वा नाही, त्याच्याशी मी तर जन्मात बोलणार नाही."

चिहारुनं काच वर केली. मग उगाच खाली केली… कारण तो अजून तिथेच होता, ओल्या केसांचा, हसरा. सांगावं का आत्ता? सांगितलं तर उद्यापासून कमानीपाशी कोणी यायचं नाही. गाडीचं इंजिन जपता जपता हे दुसरं काय जपायची वेळ आली, ते तिचं तिलाच कळेना.

लपवलेल्या गोष्टीला पाय फुटतात. आठवडाभरानं तेप्पेई आला तो चेहरा उजळूनच.

"रविवारी मोकळ्या आहात ना? खिंडीपलीकडे माझ्या गेन्झो काकांचं गॅरेज आहे. इंजिन उघडून बघतो म्हणालेत! बदल्यात मी त्यांच्या होडीचा तळ खरवडून रंगवून देणार आहे."

"उघडून?" चिहारुनं विचारलं. "म्हणजे… सगळं?"

"सगळं! रोज ढकलावी लागते म्हणजे आत काहीतरी खोल बिघडलंय."

"ते… जरा अवघड आहे," चिहारु म्हणाली.

तिकडे 'जरा अवघड आहे' म्हणजे 'मेले तरी नाही'. लहान पोरालाही कळतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाची अक्कल लहान पोराच्याही खाली असते. त्याला वाटलं, ही संकोच करतेय.

"संकोच कसला! होडी तर मी अर्धी खरवडलीसुद्धा," तो म्हणाला आणि सोललेली बोटं लपवायला हात मागे घेतला.

ती बोटं बघून तिनं मुकाट मान डोलावली.

रविवारी गेन्झो काका गॅरेजच्या दारात उभेच होते. ठेंगणे, चौकोनी, हात कोपरापर्यंत काळे. आधी जेवण म्हणाले. भात, सूप, माशाचा तुकडा, वर चहा. चिहारुनं भाताचा एकेक दाणा मोजून खाल्ला, जेवण संपूच नये म्हणून. बाहेर पाऊस लागला आणि गाडी शेडमध्ये गार पडली.

"पण काका, आज सुरू तर झाली ना," तिनं बुडता बुडता एक काडी धरून पाहिली.

"त्यानं काय होतंय? वरून हसणारी माणसं आतून कुजलेली असतात. उघडू!" काकांचे डोळे चमकले. इंजिन उघडायला मिळालं की ह्या जातीच्या माणसाला बायको हाक मारते ती ऐकू येत नाही. गाडी वर चढवली. खाली पसरट भांडं सरकवलं. पाना लावला. "आधी हे घाणेरडं ऑइल काढू."

"घाणेरडं?" चिहारुचा आवाज छपराला लागला. "मागच्या आठवड्यात बदललंय ते! फिल्टरसकट! प्लग नवे आहेत, पाणी नवं आहे, गार असताना मी कधी पाय दाबत नाही, खिंड चढले की गार होईपर्यंत बंद करत नाही. त्या गाडीत घाणेरडं काही नाही! पाना काढा तो!"

काकांनी पाना काढला.

"मग बिघाड काय आहे, पोरी?"

"बिघाड…" चिहारुनं मान खाली घातली. "नाहीये."

"मग रोज सकाळी?" तेप्पेईनं विचारलं.

"दारात सुरू केली की कुणाची तरी झोप मोडते. म्हणून खाली नेऊन सुरू करायची. ती बंद कधी पडलीच नव्हती, तेप्पेई-सान. तो मिशीवाला मीच. पोट सुटलेला."

तेप्पेईनं तिच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"शक्य नाही," तो म्हणाला. "त्याचा आवाज घाणेरडा होता."

"म्हशीला पडसं झाल्यासारखा."

त्याचे कान लाल झाले, मग मान, मग सगळाच तो. "म्हणजे… माझ्या झोपेसाठी तुम्ही एवढ्या थंडीत… एकट्या… आणि मी रोज तुमच्याच तोंडावर तुम्हाला…" तो कमरेत वाकला. आधी तिच्यापुढे. मग, देवाशपथ, गाडीपुढे.

"वाकून झालं असेल तर निघा," गेन्झो काका करवादले. "माझा रविवार फुकट घालवलात. आणि होडीचा उरलेला अर्धा भाग कोण खरवडणार? इंजिन धड निघालं म्हणून होडी सुटत नाही, सांगून ठेवतो!"

परतीला दोघंच, दोनच जागा. एवढ्याशा गाडीत बोलणं झालं नाही तर श्वास ऐकू येतात. घाटरस्त्यानं चिहारु मुंगीच्या चालीनं निघाली. संत्र्यांनी भरलेला ट्रक भोंगा वाजवत पुढे गेला. स्कूटरवरचा पोस्टमन पुढे गेला, रविवारचासुद्धा.

"चिहारु-सान… मला तुम्हाला एक—"

"आत्ता नको."

"रागावलात?"

"इंजिन गार आहे. तुम्ही असलं काही बोललात की माझा पाय जड होईल. गार इंजिनावर पाय जड पडला की ते आतून झिजतं. वॉरंटी संपलीय माझी."

"असलं काही म्हणजे? मी काय बोलणार ते तुम्हाला काय माहीत?"

"आरशात कान बघा आपले."

काचेवरचं पाणी पुसलं जात होतं, पुन्हा साचत होतं. वळणावर त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला आणि वळण संपलं तरी तिथेच राहिला.

"सुई कुठवर आलीय?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"निम्म्याच्या खाली."

तो सुई बघायला पुढे वाकला. त्याचे केस तिच्या हनुवटीला लागले. तळणीचा तो वास…

"मागे व्हा. मला रस्ता दिसत नाही."

रस्ता तिला चांगला दिसत होता. तिच्या डोळ्यांना काय धाड भरलीय!

"आणि समजा," तो मागे टेकून म्हणाला, "सुई वर आली, मी बोललो, आणि तुम्हाला आवडलं नाही तर?"

"तर बंदरावर उतरवीन. तिथून चालत जा."

"आणि आवडलं तर?"

चिहारुनं नजर रस्त्यावरच ठेवली. गालावरची खळी मात्र तिनं सांगितलेलं ऐकेना.

घाट संपला. समुद्राकाठचा सरळ रस्ता समोर आला. राखी पाणी, राखी आभाळ, आणि लांबवर पुढे संत्र्यांचा तो ट्रक. सुई मधोमध येऊन थांबली. तिनं पाहिली. त्यानंही पाहिली. दोघं खूप दिवस नवस बोललेल्या माणसांसारखी नुसती सुईकडे बघत राहिली.

चिहारुनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"हं," ती म्हणाली. "आता बोल."

तेप्पेई बोलायला लागला. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत संत्र्यांचा ट्रक मागे पडला होता.