पंखा वेगळा हवा

मोर्चा काळबादेवीकडे वळला, म्हणून आमचे मालक बाबुराव यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. तेवढ्यात खालून वाकून एक तरुण आत शिरला. मनगटापर्यंत निळा रंग, हातात गिरणीचा कागद... आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू दुकान त्याच्यासाठीच उघडं ठेवलं होतं.

लोहार चाळीतल्या त्या मोटरच्या दुकानात मी टायपिस्ट होते.

"दहा हॉर्सपॉवरची मोटर हवी," तो म्हणाला. "रंगखात्यासाठी. वेग कमी-जास्त करता येणारी."

बाबुरावांनी लगेच कोपऱ्यातल्या करड्या मोटरवर थाप मारली. माझी बोटं थांबली.

"किती हळू चालवणार?" मी विचारलं.

त्यानं वळून पाहिलं — मोटरकडे नाही, माझ्याकडे. "जाड कापड असलं की अर्ध्या वेगात. सगळी पाळी."

"मग ही जळेल."

"बाई, आमच्या साहेबांनी लिहून दिलंय."

"साहेबांनी ताकद लिहिलीय. वेग लिहिलाय? हिचा पंखा हिच्याच दांड्यावर आहे. मोटर हळू झाली की पंखाही हळू. ओझं मात्र तेवढंच. गरमी जाणार कुठे? पंख्याला वेगळी छोटी मोटर असलेली घ्या, नाहीतर हिच्याहून मोठी."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"भोईवाड्यात माझे अप्पा जळलेल्या मोटरींचं वाइंडिंग करतात. काळी पडलेली तार मी याच हातांनी उपसते."

"सुनेत्रा," बाबुराव म्हणाले, "तू टायपिंग कर."

घोषणा लांब गेल्या, शटर वर गेलं. तो काही न घेताच निघाला. गिऱ्हाईक घालवलंस, असं बाबुराव दिवसभर ऐकवत राहिले. आपलं चुकलं, असं मात्र मला क्षणभरही वाटलं नाही.

आठव्या दिवशी तो परत आला. उजव्या तळहाताला पट्टी.

"साहेब ऐकेनात," तो म्हणाला. "दुकानातल्या मुलीचं ऐकून गिरणी चालवायची का, म्हणाले. मी म्हटलं, आपल्याच जुन्या मोटरवर करून बघू. खोटं निघालं तर माझं नाव काढून टाका."

"माझ्या शब्दावर नोकरी पणाला लावलीत?"

"लावली." तो हसला. "दुपारपर्यंत अर्ध्या वेगात चालवली. वर हात ठेवला... तर हे. मग समोर टेबलफॅन लावला. तासाभरात निवली. साहेबांनी स्वतः हात लावून पाहिला."

त्यानं बाबुरावांपुढे कागद ठेवला. वेगळ्या पंख्याच्या मोटरी — एक नाही, तीन.

"हात कशाला ठेवायचा? पाण्याचा थेंब टाकायचा, चरचरला की समजायचं," मी म्हटलं.

"तुम्ही सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं नव्हतं."

"आता विचारीन," तो हळूच म्हणाला. "रोज विचारीन."

आणि खरंच, पाळी संपली की रघुवीर येऊ लागला. घोडपदेवच्या एका चाळीत राहायचा, मूळचा मालवणकडचा. ट्रामच्या थांब्यापर्यंत आम्ही चालायचो. पावसाळा संपेस्तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि एका संध्याकाळी थांब्यावर तो म्हणाला, "सुनेत्रा, माझ्याशी लग्न करशील?"

मला हो म्हणायचंच होतं. पण आधी विचारलं, "घरी सांगितलंस? दोन वर्षांपूर्वी आम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. तुझ्या आईपासून मला काही लपवायचं नाही."

"सगळं सांगितलं. दोन दिवस आये माझ्याशी बोलली नाही... जेवण वाढायची, पण बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'चेडू खरा बोलता मां? मगे घेवन ये तेका.'" चेडू म्हणजे मुलगी, एवढं मालवणी मला एव्हाना कळू लागलं होतं.

"आणि तुमची चाळ काय म्हणेल?"

"म्हणू दे. मी आहे ना."

"आपण आहोत," मी म्हटलं.

ट्राम आली. मी चढले, खिडकीशी बसले आणि शेजारची जागा हातानं अडवून धरली. तो खालीच उभा.

"चल," मी म्हटलं. "अप्पा घरीच आहेत. आजच विचार."

ट्राम हलली, तसा तो चढला.