चिमणीचा ब्रेक

विनायक मुळ्यांच्या दारात मनकर्णाबाई उभी राहिली, तेव्हा विनायकचे मित्र वामनमास्तर एका जुन्या मासिकातलं आठ सिलिंडरच्या गाडीचं चित्र डोळे भरून बघत होते. मास्तरांची स्वतःची सायकल होती आणि तिचीही घंटा वाजत नव्हती. पण गाड्यांचं वेड खिसा बघून थोडंच लागतं!

बाईला पाहताच त्यांनी मासिक मिटलं. सुकलाल मिस्त्रीची ही बायको. गेल्याच आठवड्यात असीरगडच्या घाटात भाईदास शेटची छोटी गाडी दरीत गेली होती, आणि तिच्यासोबत सुकलालही.

"भाऊ, सारं गाव म्हणू राहिलं, मिस्त्रीनं ब्रेकची पिन लावलीच नव्हती. मरण आलं ते आलं. पण हा बट्टा घेऊन मी कशी राहू?"

विनायकने विम्याच्या कंपन्यांसाठी बरेच अपघात तपासले होते. त्याने थेट विचारलं, "निघण्याआधी त्यांनी काय काय केलं?"

"सांजीच सारं तपासलं अन् गाडी शेटजींच्या आवारात ठेवली. सकाळी राजघाटावर नेली. मीच बोलली होती, पहिल्यांदा घाट चढू राहिली गाडी, तापीमाईचं पाणी लागल्याबिगर जाऊ नका. नारळ फोडला, बादल्या भरभरून वरून-खालून आंघोळ घातली तिला. मंग निघाले."

"बाई, नाव निघेल की बुडेल, मी सांगू शकत नाही. जे खरं असेल ते सांगेन."

"खरंच पायजे मला," ती म्हणाली.

भांडण सगळ्या बुऱ्हाणपुराला पाठ होतं. संस्थानं विलीन झाली, राजेलोकांच्या गाड्या विकायला निघाल्या, आणि भाईदास शेटच्या नंदकुमारने एक लांबलचक रुपेरी गाडी दारात आणून उभी केली. वाऱ्यासारखी पळायची आणि पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. लोकांनी तिचं नाव हत्तीण ठेवलं. पेट्रोल रेशनवर, म्हणून बापाने छोटी गाडी घेतली, ती चिमणी. दोन गाड्या पोसणं म्हणजे शेटला डोक्यावरून पाणी. शेवटी पैज लागली. दोन्ही गाड्यांनी असीरगडला जाऊन यायचं. जी वाटेत दगा देईल ती विकायची.

चिमणीचा सांगाडा शेटच्या आवारातच पडला होता. विनायक तिच्याखाली सरपटत शिरला.

"मास्तर, हा सांधा बघा. पिन जागेवर, टोकं नीट फाकवलेली, वर ग्रीस. आणि हा पलीकडचा. पिन नाही."

"म्हणजे विसरलाच की तो!"

विनायकने रिकाम्या भोकातून एक तपकिरी धागा चिमट्याने ओढून काढला.

"दरीतलं गवत असेल," मास्तर म्हणाले. विनायकने धागा कागदात गुंडाळला.

हत्तिणीचा ड्रायव्हर कडू गाडीबरोबरच दरबारातून आला होता. हत्तीण विकली गेली असती तर त्याची भाकरीही गेली असती. मास्तरांनी मनातल्या मनात त्याच्या हातात बेड्या घालूनही टाकल्या.

विनायकने त्याला धागा दाखवला. "हे काय असेल रे?"

"काथ्या दिसतो साहेब. नारळाचा." कडूने खांदे उडवले. "मी तर हत्तीण घेऊन मागून येत होतो. छोट्या मालकांना रेल्वेच्या फाटकावरून बसवलं. माथ्यावर दोन्ही गाड्या जरा थांबल्या होत्या. ओढायची रस्सी पण होती डिकीत. त्यांनीच सकाळी ठेवायला लावली."

भाईदास शेट दापोऱ्याच्या बागेत भेटले. केळीच्या खोडाच्या वाळक्या सालीच्या, म्हणजे सोपटाच्या, पट्ट्या बादलीत बुचकळून ते पानांचे भारे बांधत होते. शेट झाले तरी हाताला काम लागे.

"भिजवता कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"कोरडं सोपट दोन हिसक्यात तुटतं, मास्तर. भिजलं का बैल बांधा. वाळलं का फिर वही." शेटनी गाठ आवळली. "सुकलालनं माझी इज्जत घालवली. आता लोक म्हणतात, छोटी गाडी म्हणजे खेळणं."

नंदकुमार पंपावर दोस्तांना हत्तिणीचं बॉनेट उघडून दाखवत होता. ते इंजिन पाहून मास्तरांना तपासाचा विसर पडला.

"छोटी गाडी मतलब शिलाईचं मशीन!" नंदकुमार म्हणाला. "आम्ही दोस्त लोक लालबागेकडच्या फाटकाजवळ भजी खात बसलो होतो, चिमणीची मजा बघायला. फाटक बंदच होतं. ती आली, गपकन थांबली, अन् मग निघून गेली."

"मजा बघायला दोस्तांना घाटाच्या माथ्यावर नाही बसवलंत?"

"इतक्या उन्हात तिथं कोण बसतं?"

विनायकने मान हलवली आणि सगळ्यांना संध्याकाळी शेटच्या आवारात बोलावलं.

"सुकलालने पिन लावली होती," त्याने सुरुवात केली. "ज्याने एका सांध्याची टोकं इतक्या निगुतीने फाकवली, तो दुसऱ्यात सोपट बांधून घाट उतरणार नाही. हा धागा सोपटाचा आहे; रात्री आवारात कोणीतरी पिन काढून तिच्या जागी ते बांधलं. कडूला तो काथ्या वाटला. तो इकडचा नाही, त्याला सोपट ओळखूच आलं नाही. शेटना चिमणीच जिंकायला हवी होती. राहिले नंदकुमार."

"खाली-फुकट आरोप!"

"पैज घाटाची, मग तुम्ही सपाटीवरच्या फाटकाशी दोस्त जमवून का बसलात? ओढायची रस्सी सकाळीच का ठेवलीत? कारण ब्रेक तिथेच जाणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. सोपट कोरडं बांधलं होतं. पहिल्या दोन-चार ब्रेकलाच ते तुटायचं. पण सकाळी गाडीला आंघोळ घातली गेली. सोपट भिजलं, घट्ट झालं, आणि चढ संपेपर्यंत इंजिनाच्या धगीने पुन्हा वाळलं. तुटलं ते उतारावर."

नंदकुमारचा चेहरा कागदासारखा झाला. "मला फक्त फजिती करायची होती. दांडीला नाक घासलं असतं, आम्ही हसलो असतो, रस्सीनं ओढून आणली असती. ती घाटापर्यंत जाणारच नव्हती!"

"पण गेली. हत्तीण तिच्या मागेच होती. माथ्यावर दोन्ही गाड्या थांबल्या. तेव्हा तुम्ही सुकलालला का नाही सांगितलंत?"

 नंदकुमार पुटपुटला, "सांगितलं असतं तर पैज हरलो असतो."

मास्तरांना अंगावर पाल पडल्यासारखं झालं. सकाळी याच पोराच्या इंजिनापुढे आपण लाळ गाळत उभे होतो, याची त्यांना भयंकर किळस आली.

भाईदास शेट चिमणीच्या सांगाड्याकडे बघत होते. "मतलब," ते हळूच म्हणाले, "गाडीत काही खोट नव्हती."

कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. विनायकने कडूला फौजदाराकडे पिटाळलं.

मनकर्णाबाई वाकून त्या शाबूत पिनेवर बोट फिरवत होती. "ही त्यांचीच ना?"

"त्यांचीच. कामात कसूर नव्हती."

तिने पदराने बोटाचं ग्रीस पुसलं. मग काहीतरी आठवल्यासारखी थांबली.

"भाऊ, पाणी घातलं नसतं, तर ते फाटकाशीच तुटलं असतं?"

मास्तरांनी विनायककडे असं पाहिलं, की कोणीही खोटं बोललं असतं. पण विनायकने शब्द दिला होता.

"हो," तो म्हणाला.

बाईने मान हलवली. ती रडली नाही. आवाराच्या दाराशी येऊन तिने डोक्यावरचा पदर नीट केला. राजघाटावरून गेलं तर तिचं घर जवळ होतं. ती दुसऱ्या, लांबच्या वाटेने गेली.