कपाटातली सुरई

रविवारी इलारियोनबाबांना मठातून हलवणार, हे नानुलीबाईंना सांगताना तमिलाचा आवाज पडला होता. जुनी मातीची भांडी तपासणं हे तिचं प्रयोगशाळेतलं काम. तिच्याच अहवालामुळे टेकडीवरच्या मठात एकट्या राहणाऱ्या त्या म्हाताऱ्या साधूवर चोरीचा आळ आला होता.

मठाची कित्येक शतकं जुनी सुरई तिथेच काचेच्या कपाटात असायची, किल्ली बाबांकडे. तपासणीत माती खालच्या ओढ्याचीच निघाली, पण वाइन झिरपू नये म्हणून आत दिलेलं मेण ताजं आणि त्यावर गेल्या हंगामाची वाइन. मग काय, धर्मपीठाने ठरवून टाकलं की खरी विकली आणि जागी नक्कल ठेवली. बाबा अवाक्षर काढत नव्हते.

"मेण एकदाच दिलेलं?" नानुलीबाईंनी विचारलं.

"नाही, थरावर थर आहेत. मी वरचाच खरवडला. भांडं जपायचं होतं."

नानुलीबाई खासगी तपास करायच्या. एल्गुजा त्यांची गाडी चालवायचा आणि निकाल त्यांच्या आधी लावून मोकळा व्हायचा. या वेळी त्याने ओतिया कुंभाराला दोषी धरलं, कारण ओढ्याच्या मातीच्या नकला तोच करायचा.

दुकानात जाऊन विचारल्यावर ओतिया उखडला. "माझी सुरई फडताळात मिरवायला असते, बाई. तिच्यात वाइन कोण भरतंय? मग आत मेण देण्याचा खटाटोप करू कशाला?"

बाईंनी त्याच्याकडून एक नक्कल विकत घेतली. एल्गुजाने कपाळाला हात लावला.

मठात भिंतीलगत मधमाश्यांच्या पेट्या होत्या, बाकी चिटपाखरू नव्हतं. बाबांनी पाव आणि राजमा पुढे ठेवला. टेबलावर दोन पेले होते, दोन्ही ओले. एल्गुजाने एक उचलला, तर बाबांनी तो हातातून काढून घेतला आणि फळीवरचा तिसरा दिला.

"तो झोसिमेचा," ते म्हणाले.

झोसिमे त्यांचा जोडीदार साधू. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता कोण येतं, असं बाईंनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, मधमाश्या येतात.

बाहेर येताच बाईंनी तमिलाला फोन करून सगळ्यात खालच्या थराखालची माती तपासायला सांगितलं. शनिवारी ती सुरई घेऊन मठात आली. ओतियाही आला.

"सुरई खरी आहे," बाई म्हणाल्या. "नक्कल खपवणारा भांडं जुनं दिसावं म्हणून मरमर मरेल, ताजं मेण लावून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणार नाही. थरावर थर म्हणजे दर हंगामात धुऊन, मेण देऊन नवी वाइन भरणारा हात. आपल्याकडे मेणाशिवाय भांडं भरत नाहीत. चोरून भरतानाही ती सवय सुटली नाही. तमिला, खाली काय मिळालं?"

"मेणाच्या भेगांतून झिरपून मातीत मुरलेली जुनी वाइन. नक्कल असती तर मेणाखाली माती कोरी असती."

"आणि एकट्या माणसाचे दोन पेले ओले. बाबा, झोसिमेबरोबर रोज बसता ना?"

बाबांनी मान खाली घातली. "कपाट यायच्या आधी आम्ही हिच्यातूनच प्यायचो. नंतर हात लावायची मनाई झाली. पण त्याचा पेला भरला की समोर कुणीतरी असतं. हे सांगितलं असतं तर वेडा म्हणून नेलं असतं. त्यापेक्षा चोर बरा, निदान झोसिमेचं हसं होत नाही."

तमिलाने तिथूनच धर्मपीठाला फोन लावला. बाबांना हलवणं रद्द झालं, सुरई मात्र संग्रहालयात जाणार होती. बाबांनी ती झग्याच्या टोकाने पुसून दिली.

तेव्हा बाईंनी ओतियाची नक्कल टेबलावर ठेवली.

"हिला मेण नाही," बाबा म्हणाले.

ते चुलीवर मेण वितळवायला लागले. नवी सुरई शेकून ओतियाने ती धरली, मेण आत फिरवलं. मग बाबांनी तिच्यात वाइन भरली आणि दोन पेले ओतले. जरा थांबून त्यांनी झोसिमेचा पेला नानुलीबाईंपुढे सरकवला.

बाहेर एल्गुजाने गाडी सुरू केली होती. घरी बाईंची वाट बघणारं कुणी नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.